रेनॉल्ड्स नावाचा माणूस

रेनॉल्ड्स म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे शाळेत असताना वापरलेलं ते निळ्या टोपणाचं पांढरं पेन आणि दुसरी म्हणजे तो नंबर. २००० च्या खाली लॅमिनार, ४००० च्या वर टर्ब्युलंट आणि मध्ये ट्रान्झिशन. एवढं लिहिलं की दोन मार्क पक्के. मीही सेकंड इयरला एवढंच लिहिलं, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये चक्क फर्स्ट क्लासचे मार्क मिळवले आणि विषय संपवला. प्रॅक्टिकलची जर्नल सिनियरची छापली होती हे इथे कबूल करून टाकतो. रेनॉल्ड्सचा प्रयोग मी केलाच नव्हता. रीडिंग मात्र सुरेख आली होती.

हा रेनॉल्ड्स कोण, कुठला, त्याने आयुष्यभर काय केलं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडला तो गेल्या वर्षी जुलैमध्ये, आणि तोही लायब्ररीत नाही, तर हायवेच्या दुभाजकात.

आम्ही चौघे मित्राच्या काकांची जुनी गाडी घेऊन कोल्हापूरहून परत येत होतो. गाडी मी चालवत होतो. कराडच्या अलीकडे पाऊस थांबला होता, रस्ता सरळ होता, रहदारी फारशी नव्हती. काटा नव्वदवर होता. पुढे रस्त्याचा थोडा सखल भाग होता आणि तिथे पाणी साचलेलं होतं. फार नाही, बोटाच्या पेराएवढंही नसेल. गाडी त्यात शिरली आणि खालून येणारा टायरचा आवाज एकदम बदलला. स्टिअरिंग इतकं हलकं झालं की ते कशाला जोडलेलंच नाही असं वाटावं. मी घाबरून ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. स्टिअरिंग डावीकडे वळवलं. तरीही काही नाही. मग पाणी संपलं, टायरने रस्ता पुन्हा धरला आणि वळवलेल्या चाकांनी गाडीला गर्रकन फिरवलं. दीड गिरकी घेऊन आम्ही दुभाजकातल्या कण्हेरीत जाऊन बसलो.

माझ्या रूममेटचा उजवा हात कोपरापाशी मोडला. बाकी दोघांना खरचटलं. मला तेवढंही नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. तिथल्या फिटर मामांनी पुढच्या टायरवरून नुसता हात फिरवला आणि टायर गोटा झालाय म्हणाले. मग मला विचारलं की टायरवर नक्षी कशासाठी असते. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. मी ठसक्यात सांगितलं, ग्रिपसाठी. मामा हसले. ग्रिप रबराची असते, नक्षी पाण्याला वाट द्यायला असते, कोरड्या ट्रॅकवर रेसच्या गाड्या अगदी गुळगुळीत टायरवर पळतात, एवढं त्यांनी स्पॅनर पुसता पुसता मला शिकवलं. त्या दिवशी हॉस्टेलवर न जाता मी थेट लायब्ररीत गेलो. हायड्रोप्लेनिंग या शब्दापासून सुरुवात केली आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात जाता जाता ज्या माणसापाशी पोचलो, तो हाच. पेनवाला नव्हे, नंबरवाला.

ऑसबॉर्न रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ चा, आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरातला. वडील धर्मगुरू, पण केंब्रिजला गणित शिकलेले आणि शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना यंत्रांचंही वेड होतं. शेतीच्या अवजारांत सुधारणा करून त्यांनी पेटंटं घेतली होती. मुलगा लहान असतानाच कुटुंब इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या डेडम गावी आलं. ऑसबॉर्नचं सुरुवातीचं शिक्षण वडिलांच्याच हाताखाली झालं, आणि गणित व यंत्र या दोन्ही गोष्टी त्याला घरातच मिळाल्या.

पुढे त्यांनी जे केलं ते आपल्या नेमकं उलटं आहे. आपण आधी डिग्री घेतो नि मग वर्कशॉप शोधतो. रेनॉल्ड्स १८६१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आधी एका मेकॅनिकल इंजिनिअरच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारीला गेले. तिथे हात काळे करताना त्यांच्या लक्षात आलं की समोर रोज जे घडतं त्याचा उलगडा करायला आपलं गणित अपुरं आहे. म्हणून ते केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात गेले आणि १८६७ साली गणिताच्या परीक्षेत सातवे आले. मग काही काळ लंडनमध्ये एका सिव्हिल इंजिनिअरकडे काम केलं.

१८६८ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाची नवी जागा निघाली. मँचेस्टर तेव्हा कापडगिरण्यांचं, वाफेच्या इंजिनांचं आणि भरपूर पावसाचं शहर. या जागेसाठी पैसा उभा करण्यात तिथल्या कारखानदारांचा हात होता. इंजिनिअरिंगचा प्राध्यापक असं पदच तेव्हा इंग्लंडमध्ये नवीन होतं. पंचवीस वर्षांच्या रेनॉल्ड्सना ती जागा मिळाली आणि पुढची सदतीस वर्षं त्यांनी ती सोडली नाही. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं, पण वर्षभरातच पत्नीचं निधन झालं. दुसरं लग्न त्यांनी केलं ते १८८१ साली. मधली बारा वर्षं हा माणूस कसा राहिला असेल याबद्दल मला कुठे फारसं वाचायला मिळालं नाही. काय काय शोधलं ते मात्र ढीगभर सापडलं. धूमकेतूंच्या शेपट्या, आवाजाचं वाकणं, जहाजाचा पंखा पाण्यात मधेच मोकळा का फिरतो, पाऊस पडल्यावर समुद्र शांत का होतो. जे दिसेल त्यावर विचार.

शिक्षक म्हणून ते कसे होते, याचा एक किस्सा त्यांच्याच विद्यार्थ्याने लिहून ठेवलाय. हा विद्यार्थी म्हणजे इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन. ते चौदाव्या वर्षी ओवेन्स कॉलेजात दाखल झाले होते. रेनॉल्ड्स सर वर्गात बऱ्याचदा उशिरा, धावतपळत यायचे. टेबलावरचं रँकिन यांचं जाडजूड पुस्तक कुठेतरी उघडायचे, एखाद्या फॉर्म्युल्याकडे बघायचे आणि हा चुकीचा आहे असं जाहीर करायचे. मग मुलांकडे पाठ करून फळ्यावर सिद्ध करायला लागायचे. थोडं लिहून झालं की पुसायचे, चुकलं म्हणायचे, पुन्हा सुरू. तास संपत आला की शेवटी गणित सुटायचं आणि रँकिन यांचंच बरोबर होतं असं निष्पन्न व्हायचं. आपल्याकडे अशा सरांबद्दल फीडबॅक फॉर्ममध्ये काय लिहिलं गेलं असतं ते सांगायला नको. पण थॉमसन यांना हे तास आवडले होते. छापलेल्या फॉर्म्युल्यावर विश्वास ठेवण्याआधी तो स्वतः काढून बघायचा, हे त्या वर्गात शिकायला मिळत होतं. मी नेमकं हेच कधी केलं नव्हतं.

आता टायरकडे येऊ. १८७५-७६ च्या सुमारास रेनॉल्ड्स यांनी लोळणाऱ्या चाकाच्या घर्षणावर प्रयोग केले. लोखंडाचा रोलर रबरावरून फिरवला, तर एका फेऱ्यात तो परिघाएवढं अंतर बरोब्बर कापतो का? आपण म्हणू, घसरला नाही तर कापलंच पाहिजे. प्रत्यक्षात तसं होत नव्हतं. कारण रबर चाकाखाली दबताना ताणलं जातं, आणि जिथे दोघांचा स्पर्श होतो त्या छोट्याशा पट्ट्यात काही भाग घट्ट धरून असतो तर काही भाग बारीकसा सरकत असतो. म्हणजे पकड आणि घसरण या दोन वेगळ्या अवस्था नव्हेत. चांगल्या पकडीतही थोडी घसरण असतेच. आज टायर बनवणारे याच गोष्टीचा हिशेब करत बसतात. गंमत म्हणजे तेव्हा जगात मोटारगाडीच नव्हती.

मग आला १८८३ सालचा तो प्रसिद्ध प्रयोग. काचेच्या बाजूंची सहा फूट लांब टाकी, तिच्यात आडवी काचेची नळी, नळीचं तोंड सनईसारखं पसरट आणि त्या तोंडातून रंगीत पाण्याचा एक बारीक धागा आत सोडलेला. वेग कमी असेपर्यंत धागा नळीभर सरळ राहतो. वेग वाढवत नेला की एका क्षणी तो तुटतो आणि सगळ्या नळीत रंग पसरतो. विजेच्या ठिणगीच्या क्षणभर उजेडात पाहिलं तर त्या पसरलेल्या रंगात भोवरे दिसतात. हा बदल एकट्या वेगावर ठरत नाही, एकट्या व्यासावर किंवा पाण्याच्या दाटपणावरही नाही. या सगळ्यांच्या एका गुणोत्तरावर ठरतो, हे रेनॉल्ड्स यांनी दाखवलं. पाण्याची पुढे धावण्याची ओढ आणि त्याचा चिकटपणा म्हणजे व्हिस्कॉसिटी, यांतलं कोण वरचढ आहे हे तो नंबर सांगतो. नळीत शिरणारं पाणी अगदी शांत ठेवलं तर धागा सुमारे १३,००० पर्यंत सरळ टिकतो असंही त्यांना दिसलं. आपण घोकतो ते २००० म्हणजे ज्याच्या खाली खळबळ आपोआप विरून जाते तो आकडा. ती टाकी मँचेस्टर विद्यापीठाने जपून ठेवली आहे. नंतरच्या काळात तिच्यावर पुन्हा प्रयोग केले तेव्हा १३,००० काही येईना. बाहेरच्या रस्त्यावरच्या मोटारींमुळे इमारत हादरत होती आणि धागा आधीच तुटत होता.

पण माझ्या अपघाताशी ज्याचं सरळ नातं आहे, ते काम पुढचं. त्याची सुरुवात एका बुचापासून झाली.

रेल्वेच्या डब्यांचे आस बेअरिंगमध्ये फिरतात. त्यांच्यातलं घर्षण मोजायचं काम इंग्लंडच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने ब्यूशँप टॉवर या इंजिनिअरकडे दिलं होतं. टॉवर यांनी १८८३ च्या सुमारास बेअरिंगच्या वरच्या भागाला तेल सोडण्यासाठी एक भोक पाडलं. आस खालून तेलात बुडालेला होता. यंत्र सुरू केल्यावर तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडायला लागलं. त्यांनी भोकात बूच मारलं. तेलाने ते ढकलून बाहेर काढलं. लाकडी खुंटी मारली, तीही बाहेर. शेवटी प्रेशर गेज लावला तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या वर गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १०० पौंड. म्हणजे आस बेअरिंगला टेकतच नव्हता. तेलाच्या थराने त्याला चक्क उचलून धरलं होतं.

हे का होतं, ते रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली गणिताने दाखवलं. आस बेअरिंगच्या बरोबर मध्यावर फिरत नाही, थोडा एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोघांमधली फट एकीकडे रुंद नि पुढे अरुंद होते, म्हणजे तिचा आकार पाचरीसारखा होतो. फिरणारा पृष्ठभाग तेलाला चिकटून ओढत त्या अरुंद भागात कोंबतो. तेलाला मागे पळता येत नाही, पुढे वाट अपुरी. मग दाब वाढतो आणि तो दाब अख्खा भार पेलतो. मशीन डिझाइनमध्ये बेअरिंगच्या धड्यात जे भलंमोठं समीकरण येतं आणि जे आपण ऑप्शनला टाकतो, ते हेच, रेनॉल्ड्सचं समीकरण. आज टर्बाइनपासून इंजिनाच्या क्रँकशाफ्टपर्यंत सगळं त्याच पातळ थरावर फिरतंय.

आता हीच पाचर आडवी करून रस्त्यावर ठेवा. खाली ओला रस्ता, वर गोल टायर. टायर रस्त्याला टेकतो त्याच्या अगदी पुढची फट बघा. पुढे रुंद, मागे अरुंद. पाचरच! बेअरिंगमध्ये आपल्याला जे हवं असतं ते रस्त्यावर आपल्या जिवावर उठतं. तिथे आसाला उचलणारा थर इथे गाडीला उचलतो. मी वहीत आकडे मांडून बघितले. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. टायर १७ सेंटिमीटर रुंद आणि पाणी ३ मिलिमीटर खोल धरलं, तर एका टायरला दर सेकंदाला सुमारे पावणेतेरा लिटर पाणी वाटेतून हटवायला लागतं. आंघोळीची एक बादली, दर सेकंदाला, एका चाकाने! टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण १५ सेंटिमीटर लांब असतो. म्हणजे त्याच्या खालचं पाणी बाहेर काढायला रबराच्या एका ठिपक्याला मिळतो एका सेकंदाचा फक्त सहा हजारावा भाग नव्हे, सहा सहस्रांश. सहा मिलिसेकंद. वेग निम्मा केला तर बारा.

या सहा मिलिसेकंदांत दोन कामं करायची असतात. पहिलं काम जाड थर हटवायचं. इथे पाण्याचा चिकटपणा महत्त्वाचा नसतो, त्याचं वजन आणि जडत्व महत्त्वाचं. रेनॉल्ड्स नंबर प्रचंड मोठा. लहानपणी तळ्यावर चपटा दगड भिरकावून आपण भाकऱ्या काढायचो, तोच प्रकार. वेगाने आदळलं की पाणी बाजूला व्हायला वेळ घेतं आणि तोवर आधार देतं. सेकंदाला २५ मीटर वेगाने आदळणाऱ्या पाण्याचा दाब येतो सुमारे ३१० किलोपास्कल. त्याचा साधारण ७० टक्के भाग टायरला उचलायला कामी येतो असं मानतात, म्हणजे २२० च्या आसपास. आणि गाडीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ३२ पीएसआय, म्हणजेही सुमारे २२० किलोपास्कल! दोन्ही दाब बरोबरीला आले की टायर पाण्यावर तरंगला. १९६३ साली अमेरिकेच्या नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून जे सूत्र दिलं, त्यातही या हवेला ताशी ९४ किलोमीटरच्या आसपासचा वेग येतो. माझा काटा कुठे होता ते वर लिहिलंच आहे. टायरला खोल खाचा असतील तर पाणी त्यांतून निसटतं आणि हा वेग पुढे ढकलला जातो. माझे टायर गोटा होते.

दुसरं काम शेवटचा पातळ थर पिळून काढायचं. इथे सगळी मक्तेदारी चिकटपणाची. दोन ओल्या काचा एकमेकींवर दाबून बघा, मधलं शेवटचं पाणी निघता निघत नाही. १८८६ च्या त्याच निबंधात रेनॉल्ड्स यांनी एकमेकांकडे सरकणाऱ्या दोन सपाट पृष्ठभागांचंही गणित केलं होतं. त्यातून निघतं ते असं. थर निम्म्या जाडीपर्यंत न्यायचा तर चौपट वेळ लागतो. पण दाब तोच ठेवून ठोकळ्याची लांबी-रुंदी निम्मी केली तर वेळ पाव होतो. टायरच्या नक्षीचे छोटे ठोकळे आणि त्यांच्यावरच्या त्या सुरीने चिरल्यासारख्या बारीक फटी कशासाठी असतात ते मला इथे कळलं. मोठ्या तळव्याचे लहान तुकडे केले की प्रत्येक तुकड्याखालचं पाणी लवकर पळतं. रस्त्यातली खडबडीत खडीही हेच काम करते, तिची टोकं थर फोडून रबराला भिडतात. खडी झिजून गुळगुळीत झालेला रस्ता ओल्या शहाबादी फरशीसारखा वागतो, तिथे कमी वेगातही गाडी सरकते. पहिल्या पावसात तर धूळ, सांडलेलं ऑइल आणि टायरची भुकटी यांचा राडा होतो. तो पाण्यापेक्षा दाट, म्हणून निघायला आणखी वेळ.

ब्रेकचा हिशेबही करून टाकला. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.८ धरला तर ताशी ८० वरून थांबायला सुमारे ३२ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तो ०.४ वर आला तर ६३ मीटर. आणि टायर पाण्यावर तरंगला तर घर्षणांक इतका खाली जातो की मीटर मोजण्यात अर्थच उरत नाही. एबीएससुद्धा तिथे काही करू शकत नाही, कारण ती यंत्रणा असलेली पकड वापरते, नसलेली निर्माण करत नाही.

रेनॉल्ड्स यांनी यातलं काहीही मोटारींसाठी केलेलं नव्हतं. १८८६ च्या ज्या जानेवारीत कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच वर्षी हा तेलाच्या थराचा निबंध आला. दोन वर्षांनी, १८८८ साली, जॉन डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं, आणि तेही बेलफास्टमध्ये, रेनॉल्ड्स यांच्या जन्मगावी. गाडी, टायर आणि ती घसरते कशी याचं गणित, तिन्ही गोष्टी दोन-तीन वर्षांत जगात आल्या. एकमेकींशी ओळख व्हायला मात्र पुढे कित्येक दशकं गेली.

१८८८ साली रेनॉल्ड्स यांना रॉयल सोसायटीचं पदक मिळालं. १८९९ साली त्यांनी बर्फ निसरडा का असतो यावर लिहिलं. पायाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्याचा थर वंगणाचं काम करतो असं त्यांचं म्हणणं. आज शास्त्रज्ञ दाबापेक्षा घासण्याच्या उष्णतेला आणि बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच असलेल्या पातळ, सैल थराला जास्त महत्त्व देतात. कारण थोडं चुकलं, पण घसरण होते तिथे मध्ये पातळ थर शोधायचा, ही दिशा बरोबर होती.

शेवटची वर्षं वाचताना वाईट वाटलं. त्यांनी सगळ्या विश्वाची रचनाच बारीक कणांच्या गर्दीतून मांडायचा प्रयत्न केला. १९०३ साली त्यावर पुस्तक आलं. ते फारसं कुणाला समजलं नाही आणि पुढे टिकलंही नाही. प्रकृती ढासळत होती, बुद्धीही साथ देईना. १९०५ साली ते निवृत्त झाले. १९०८ साली जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्ड यांनी त्या गुणोत्तराला रेनॉल्ड्स नंबर हे नाव दिलं. तेव्हा ते हयात होते, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत कितपत पोचली असेल कोण जाणे. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधल्या वॉचेट या समुद्रकाठच्या गावी त्यांचं निधन झालं.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. प्लॅस्टर घातलेला हात उशीवर ठेवून त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की याच माणसावर तू पेपरात दोन मार्क मिळवले होतेस ना. तो चेष्टेत म्हणाला, पण मला काही हसू आलं नाही. मला सगळं येत होतं की. नंबरचा फॉर्म्युला, बेअरिंगच्या समीकरणाचं नाव. फक्त ते माझ्या चाकाखाली होतं हे माहीत नव्हतं.

मित्रांनो, पावसाळ्यात गाडी काढण्याआधी टायरच्या खाचेत एकदा वाकून बघा. खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला. हवा भरलेली असू द्या. पाणी दिसलं की आधीच वेग कमी करा, पाण्यात शिरल्यावर नाही. आणि तरीही स्टिअरिंग हलकं झालंच, तर ब्रेकवर उभं राहू नका, चाकं वळवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि टायरला रस्ता सापडू द्या.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं लॅब असिस्टंट काकांच्या मागे लागून फ्लुइड लॅबमधली ती धूळ खात पडलेली टाकी उघडून घेतली. नळी घासली, परमँगनेटचं जांभळं पाणी बनवलं. रूममेट डाव्या हाताने व्हॉल्व्ह फिरवत होता, मी मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो. धागा नळीभर सरळ उभा राहिला तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून बघत होतो. हिशेब २६०० पर्यंत आला, तरी तो तुटेना. तेवढ्यात काकांनी कपाटाचं दार धाडकन लावलं आणि नळीभर जांभळा रंग पसरला.

या वेळी जर्नलमध्ये तेच रीडिंग लिहिलं, कपाटाच्या दारासकट.